साहेब गाडीत नसताना

वकिलात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात आणि मेजवान्या येतात. जयवंतराव राऊतांना विचारा. वकिलात म्हणजे गळके नळ, जनरेटरचं डिझेल, दोन कारकुनांच्या बायकांची धुणं वाळत घालण्यावरून भांडणं, आणि दिल्लीहून येणारे खुलासे मागणारे कागद. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात त्यांनी एकोणीस माणसांची वकिलात तीन वर्षं चालवली. चालवली म्हणजे काय, घड्याळासारखी चालवली. सव्वानऊच्या पुढे हजेरीवर सही करायची कुणाची छाती नव्हती. वसईतल्या नायगावच्या खाडीकाठच्या भातशेतीवाल्याचा मुलगा राजदूत होतो तो काही गोड बोलून होत नाही.

निवृत्त होऊन ते नायगावच्या नव्या इमारतीत राहायला आले, त्याला आठ महिने झाले होते. सोसायटीच्या लोकांनी लगेच अध्यक्षपद देऊ केलं. एवढी वकिलात सांभाळली, आमचा पंप काय जड जाणार, असं त्यांचं म्हणणं. जयवंतराव नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं आत काही हलतच नव्हतं. सकाळी उठायचं, पेपर उघडायचा, मिटायचा. बायको, यमुनाबाई, म्हणायच्या, अहो, रडा तरी एकदा. त्यावर ते म्हणायचे, रडू येत नाही, तर काय करू?

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात भुईगावहून उर्सुला डाबरेचं पत्र आलं. ‘रविवारी चर्चमध्ये क्लेमेंटच्या वर्षाची मिस्सा आहे. मिस्सेनंतर चार शब्द बोलावेत. तो तुमच्याविषयी फार सांगायचा.’

क्लेमेंट डाबरे हा जयवंतरावांचा ड्रायव्हर. आधी आखातात होता, तिथून भटकत त्या देशात पोचला. मुलाखतीला आला आणि बोलता बोलता ‘आमच्या वसईत’ म्हणाला. साहेबांनी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतला. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटला की भले भले विरघळतात, हेही विरघळले. पण एका दिवसापुरतेच. दुसऱ्या दिवसापासून तो वकिलातीचा नोकर आणि ते वकिलातीचे प्रमुख.

पुढे तिथे यादवी पेटली. गोळीबारात क्लेमेंट गेला. ‘कर्तव्यावर असताना दोन गटांच्या गोळीबारात सापडून मृत्यू’, असं पत्र उर्सुलाला जयवंतरावांनीच सही करून पाठवलं होतं. दिल्लीला गेलेला अहवालही तसाच होता. त्या अहवालावर दिल्लीहून शाबासकी आली. अठरा माणसं सुखरूप बाहेर काढली म्हणून.

रविवारी ते मिस्सेच्या तासभर आधीच उर्सुलाच्या घरी पोचले. वाडीत केळी होत्या, विहिरीवर पंप चालू होता, अंगणातल्या क्रुसाला झेंडूचा हार होता. उर्सुलाने ओटीवर खुर्ची मांडली, पाणी आणलं. चाळिशीची, काळ्या लुगड्यातली शांत बाई.

“साहेब, लवकर आलात. बरं झालं.”

“तुम्हाला एक सांगायचंय,” जयवंतराव म्हणाले. “मी पाठवलेलं पत्र खोटं नव्हतं. पण पुरं नव्हतं.”

आणि त्यांनी सांगितलं. आवाज एखाद्या बैठकीचं टिपण वाचावं तसा सपाट होता. त्यांना स्वतःलाच तो ऐकवेना, पण दुसरा आवाज नव्हता.

राजदूताच्या गाडीवर पुढे छोटा झेंडा असतो. राजदूत आत बसलेला असेल तेव्हाच तो उघडा. नसेल तेव्हा त्यावर काळी खोळ चढवायची. हा नियम आहे. त्या दिवशी सकाळपासून सगळ्या माणसांना घरांतून वकिलातीत आणणं चाललं होतं. पहिल्या दोन फेऱ्यांना जयवंतराव स्वतः गाडीत होते. झेंडा उघडा होता. नाक्यावरच्या शिपायांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. तिसरी फेरी होती संग्राम नावाच्या कारकुनाच्या बायकोला आणायची. तेवढ्यात दिल्लीचा फोन लागला. क्लेमेंट दारात येऊन उभा राहिला.

“साहेब, खोळ काढून नेऊ का?”

जयवंतरावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “मी आहे का गाडीत?”

“नाही साहेब.”

“मग?”

तेवढंच बोलणं झालं. क्लेमेंट खोळ चढवलेली गाडी घेऊन गेला. त्याच नाक्यावर शिपायांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. शेजारच्या वकिलातीचा पहारेकरी नंतर म्हणाला, त्या दिवशी झेंडा दिसणाऱ्या गाड्या ते सोडत होते, बाकीच्यांना मारत होते. संग्रामची बायको दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून सुखरूप आली.

उर्सुला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“फाटकाच्या भायेर गेल्यावर तुम्हाला दिसत होतं काय?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग त्याने तिथे थांबून का नाय काढली? कोन बघणार होतं?”

हा प्रश्न जयवंतरावांना वर्षभरात कुणी विचारला नव्हता. चौकशीवाल्यांनी नाही, यमुनाबाईंनी नाही. उत्तर मात्र त्यांना पहिल्या रात्रीपासून पाठ होतं.

“नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तो झेंडा उघडा ठेवून बाजारात गेला होता. भाजी आणायला. लोक सलाम करत होते म्हणून खूष होता. मी त्याला सगळ्या स्टाफसमोर उभा केला आणि तो नियम मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. लोक हसले. त्यानंतर त्याने कधीच…”

उर्सुला वाडीकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रागही दिसत नव्हता. त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, नियमच तसा, तुम्ही तरी काय करणार. आजवर सगळे तेच म्हणाले होते.

आतून तिच्या जावेने, आग्नेसने, हाक मारली, “उर्सुला, पहिल्या पंगतीत साहेबांना कुठं बसवायचं?”

“साहेब जेवणार नाय,” उर्सुला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, “मिस्सेला बसा. देवाच्या घरी मी कोन अडवणारी? पन बोलू नका. आनि माझ्या घरात जेवू नका.”

जयवंतराव “बरं” म्हणाले.

मिस्सेत ते शेवटच्या बाकावर बसले. फादरांनी क्लेमेंटचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांबरोबर उठले, सगळ्यांबरोबर बसले. बाहेर आल्यावर माणसं घोळक्याने उर्सुलाच्या घराकडे निघाली, आणि हे एकटे एसटीच्या थांब्याकडे. चार पावलं गेले असतील, मागून कुणीतरी म्हातारा धापा टाकत आला. गावातलाच असावा. त्याने त्यांचा दंड धरला.

“अवो साहेब, वाट चुकलात. घर हिकडं. मिस्सेचं जेवन टाकून जातात काय कोन?”

आयुष्यभर आमंत्रणांच्या थप्प्या ज्यांच्या टेबलावर पडत, कुठे जायचं आणि कुठे नाही हे ठरवायला ज्यांना एक माणूस नेमलेला असे, ते जयवंतराव त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. बोलायला गेले, तर चाळीस वर्षांत तोंडात न आलेली, शेतावरची बोली आली.

“मला बोलवनं नाय, काका,” ते म्हणाले, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडू लागले.