शेवंतीवरची पालथी बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. मला झाकण नाही, काठाचा टवका उडाला आहे आणि पोटाच्या काचेत जन्मापासून एक बुडबुडा अडकलेला आहे. मला पाहून तुम्ही मनात म्हणाल, ही तर भंगारातली. म्हणा खुशाल. लोक मनात काय म्हणतात ते मी ओळखून असते. तुम्ही खरंच माझी गोष्ट ऐकायला आला आहात की आणखी कशाला, तेही कळेलच हळूहळू.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तो उगीच नाही. माझ्या पोटात काय आहे, किती उरलं आहे, मुंगी शिरली आहे का, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. माणसांचं मात्र सगळं झाकलेलं. मग संशय येणार नाही तर काय होणार?

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. वाळू भट्टीत वितळली, कारागिराने लांब नळीतून फुंकर घातली आणि मी फुगत गेले. मुकादम म्हणाला, "हिच्यात बुडबुडा राहिलाय." कारागीर म्हणाला, "राहू दे, गळत तर नाही ना." एवढ्या कौतुकावर मी जगात आले. पहिली नोकरी लागली ती गोळ्या-पेपरमिंटच्या दुकानात. दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, हातांकडे बघायचा. "तोंड काय, कोणीही गोड करतं," असं तो म्हणायचा. ते वाक्य मी मनात धरून ठेवलं. पुढे माझं झाकण फुटलं आणि त्याने मला एका गिऱ्हाईक बाईंना देऊन टाकलं. त्या बाईंना मी सासूबाई म्हणते, कारण त्यांच्या घरातल्या दोन्ही सुना तसंच म्हणायच्या.

सासूबाईंनी मला घरी नेऊन धुतलं, पुसलं आणि शेवंतीवर पालथं घातलं. आधी मला तो अपमान वाटला. भरायची वस्तू पालथी कोण घालतं? पण त्यांच्या शेवंतीचं काम कळलं तेव्हा मी शांत झाले. ती शेवंती बाहेरून विटकरी आणि आतून मधासारखी पिवळी. तशी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. बहर संपला की सासूबाई फुलून गेलेल्या काड्या छाटून टाकायच्या. मग जुन्या बुंध्याच्या आजूबाजूला मातीतून कोवळे फुटवे डोकं वर काढायचे. ते बोटभर झाले की त्या मातीलगत कापायच्या, खालची पानं खुडायच्या, ओलसर वाळूमातीत खोचायच्या आणि वरून मला झाकायच्या. माझ्या आत वाफ धरायची. त्या दमट हवेत फुटवे मान टाकत नसत आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुळं फुटायची. "ही बरणी आहे म्हणून माझी शेवंती आहे," असं सासूबाई म्हणायच्या. माझे ते सुखाचे दिवस होते.

अडचण एकच होती. आत वाफ धरली की मला बाहेरचं नीट दिसत नाही. हात आला एवढं कळतं, पण कशासाठी आला ते कळत नाही. आधीच स्वभाव तसा, त्यात डोळ्यांपुढे धुकं.

सासूबाई गेल्या आणि घराचे दोन भाग झाले. मागच्या अंगणात मधोमध भिंत आली. दोघे भाऊ हसतखेळत वाटण्या करून मोकळे झाले. अडलं ते दोघी जावांचं. शेवंतीच्या कुंड्या थोरलीच्या वाट्याला गेल्या आणि मी धाकटीच्या. चूल एका घरात आणि तवा दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी. ती कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, देव जाणे. मला विचाराल तर कोणीतरी मुद्दामच केली असणार.

तेव्हापासून दरवर्षी बहर संपला की थोरली धाकटीच्या दारात यायची. आत पाऊल टाकायची नाही.

"बरणी देतेस का? शेवंती लावायचीय."

"न्या ना, जाऊबाई. बसा की घटकाभर."

"नको गं, कामं पडलीत."

मुळं फुटून झाली की थोरली मला परत आणून द्यायची. माझ्याबरोबर धाकटीच्या हातात चार काड्याही ठेवायची. "घे, तूही लाव." दिसायला मोठा दिलदारपणा. पण मी त्या काड्या जवळून बघत होते. त्या फुलून गेलेल्या, जाड, आतून पोकळ झालेल्या काड्या होत्या. वरची सुकलेली फुलं कात्रीने साफ उडवलेली, म्हणजे कोणाला कळायला नको. शेंड्याला दोनचार हिरवी पानं, तीही दाखवण्यापुरती. अशा काडीला मूळ धरत नाही. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं. ही शेवंती धाकटीकडे लागली की ती जगभर सांगत सुटेल, सासूबाईंची शेवंती माझ्याकडे आहे म्हणून, ही तिची भीती. ती नवऱ्यापाशी बोलून दाखवायची आणि मी तेव्हा ओट्यावरच असायचे.

धाकटी त्या काड्या खिडकीतल्या कुंडीत खोचायची, वर मला घालायची आणि रोज वाकून बघायची. काड्या खालून काळ्या पडत आणि कुजत. पुढच्या वर्षी थोरली विचारायची, "लागल्या का गं? नाही ना? तुझा हात शेवंतीला मानवत नाही बघ." धाकटी म्हणायची, "नसेल मानवत." आणि हसायची.

मित्रांनो, मला थोरलीचं काही वाटलं नाही. ती कंजूष होती आणि ते दिसत होतं. मला संशय आला धाकटीचा. जी बाई दरवर्षी फसते आणि तरी हसते, तिच्या मनात काहीतरी शिजत असणार. एक दिवस ही भिंतीवरून हात घालून फुटवे उपटणार, असं मी धरून चालले.

मग ते वाईट वर्ष आलं. शेवंतीवर रोग पडला. पानं खालून काळी पडत वर चढली आणि एकेक कुंडी गेली. उरल्या दोन. थोरलीने त्यांतले निरोगी फुटवे निवडून कापले, नव्या मातीत खोचले आणि मला त्यांच्यावर घातलं. आणि नेमका तेव्हाच निरोप आला की लेकीचं बाळंतपण अलीकडे आलंय, ताबडतोब निघा.

थोरलीचा नवरा म्हणाला, "मागच्या दाराची किल्ली धाकटीकडे देऊन जाऊ. पाणी घालेल बिचारी."

"हो, द्या किल्ली. परत येईपर्यंत एक फुटवा शिल्लक राहायचा नाही."

"अगं, चार फुटव्यांत लुटण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

मला ते पटलं. माझ्या मनातलंच ती बोलत होती. दरवर्षी मी भिंतीच्या सावलीत असायचे. या वेळी थोरलीने माझी कुंडी आणि त्या दोन मोठ्या कुंड्या ओढत ओढत अंगणाच्या मधोमध नेल्या, म्हणजे भिंतीवरून धाकटीचा हात पोचायला नको.

"इथं ऊन लागेल," नवरा म्हणाला.

"आठ दिवसांत काही होत नाही. भरपूर पाणी घातलंय."

दाराला कुलूप लागलं. आठ दिवस गेले आणि कोणी आलं नाही. बाळ अशक्त होतं, मुक्काम वाढला, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ऊन कळत होतं. काचेखाली ऊन कसं लागतं ते काचेलाच विचारा. आतली वाफ गरम झाली. फुटव्यांनी माना टाकल्या. पलीकडच्या मोठ्या कुंड्यांची माती भेगाळली आणि त्यांतली झाडं वाळली. सासूबाईंची सगळी शेवंती आता माझ्या पोटाखाली होती आणि मीच तिला शिजवत होते.

अशाच एका दुपारी भिंतीवर एक डोकं आलं. बादली पालथी घालून तिच्यावर कोणीतरी चढलं होतं. वाफेतून चेहरा दिसेना, पण मला ओळखायला वेळ लागला नाही. धाकटी. मग एक लांब काठी भिंतीवरून माझ्याकडे सरकत आली. मी म्हटलं, आता ही मला पाडणार आणि फुटवे ओढून घेणार. मी टवका उडालेल्या काठाने माती घट्ट धरली. काठी मला लागली नाही. पलीकडे बांधल्यासारखी ती हवेतच थांबली आणि तिच्यावरून काहीतरी मोठं, पांढरं, ओलं खाली लोंबायला लागलं. क्षणात माझ्यावर अंधार झाला. तोंड झाकून करायचे उद्योग मी दुकानात पुष्कळ ऐकले होते. मी चोरीची वाट बघत बसले.

चोरी काही होईना. उलट रोज सकाळी धपकन पाण्याचा फटका बसायला लागला. ती भिंतीवरून मगाने पाणी फेकायची. निम्मं भिंतीवर, थोडं माझ्यावर लोंबणाऱ्या त्या पांढऱ्या चादरीवर, उरलेलं कसंबसं कुंड्यांपर्यंत. एकदा तर मगच हातातून सुटून अंगणात पडला. ती पलीकडून म्हणाली, "गेला मग." दुसऱ्या दिवशी दुसरा मग आला. मला वाटलं, माती भिजवून मला कलंडवायचा डाव आहे. डाव इतका लांबला की मी थकले, पण संशय सोडला नाही.

शेवटी एके दिवशी कुलूप उघडलं. थोरली आत आली आणि जागीच थांबली. भिंतीवरून आत आलेली काठी, तिच्यावर दुसऱ्याची चादर, चिखल, पडलेला मग. दोन्ही मोठ्या कुंड्या वाळून कोळसा. सासूबाईंच्या हातचा जुना बुंधा हात लावताच मोडला.

"काय केलंस हे माझ्या अंगणात?" ती भिंतीकडे बघून म्हणाली. "मी नाही तोवर साधलंस ना?"

धाकटी पलीकडून बादलीवर चढली. "आलात का? बाळ कसं आहे?"

"बाळाचं नंतर विचार. माझी शेवंती मारलीस तू."

"चादर तिथंवर पोचेना, जाऊबाई. लांब काठीच मिळाली नाही मला. बरणीखालचं बघा आधी."

थोरलीने मला उचललं. इतक्या दिवसांनी मला मोकळी हवा लागली, वाफ गेली आणि स्वच्छ दिसलं. माझ्याभोवती चादरीच्या मापाचा ओला चौकोन होता. त्याच्या आत फरशीवरचं शेवाळंसुद्धा हिरवं होतं. त्याच्या बाहेर सगळं करपलेलं. माझ्या कुंडीत सगळे फुटवे ताठ उभे होते आणि प्रत्येकाच्या शेंड्याला नवं पान होतं. थोरलीने एक फुटवा अगदी हलक्या हाताने ओढून बघितला. तो आला नाही. त्याने माती धरली होती.

ती तिथेच खाली बसली. मग थोरली म्हणाली, "फोन करून किल्ली मागायची होतीस."

"दिली असतीत?"

थोरलीने बोटांनी माती उकरली, सगळ्यांत जोमदार फुटवा मुळांसकट काढला, ओल्या मातीत गुंडाळला आणि भिंतीपाशी जाऊन वर धरला. "हा घे. हा लागेल."

"लागेलच. मुळं आहेत त्याला." धाकटीने हात पुढे केला नाही. "शेवंती लावताना सासूबाईंच्या हाताखाली मीच असायचे, जाऊबाई. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघर बघायचा. फुलून गेलेली काडी लागत नाही, एवढं मला कळत नाही होय?"

थोरलीचा वर धरलेला हात तसाच राहिला. "मग दरवर्षी घेत का होतीस?"

"काडीबरोबर तुम्ही यायचात ना. बरणी न्यायला एकदा आणि द्यायला एकदा. तेवढंच बोलणं व्हायचं आपलं. काडी नको म्हटलं असतं, तर तुम्ही बरणी उंबऱ्यावर ठेवून परत गेला असतात."

मित्रांनो, मी सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवली होती. त्या बाईच्या हसण्यामागे काय शिजतंय ते शोधत मी इतकी वर्षं काढली. तिथे एवढंच होतं. मला फार वाईट वाटलं.

थोरलीने फुटवा भिंतीवरून दिला नाही. तो एका लहान कुंडीत नीट लावला. मग ती कुंडी हातात घेतली, मला काखेत घेतलं, पुढच्या दाराने बाहेर पडली आणि धाकटीच्या दारात गेली. तिथे नेहमीसारखी थांबली. धाकटी आतून म्हणाली, "बसता का घटकाभर?" थोरलीने चपला काढल्या.

आता मी म्हातारी झाले आहे. टवका वाढला आहे आणि बुडबुड्यापाशी एक तडा दिसतो. माझ्याकडे कोणी हात नेला की मी आजही आधी हातच बघते. स्वभावाला औषध नाही. तरी तुम्ही माझं थोडं ऐका. जुनी बरणी घरात असली तर टाकू नका, धुऊन ठेवा. तिच्याखाली फुटवे लावाल तेव्हा तिला उन्हात ठेवू नका. वाफेतून दिसेल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, काच उचलून बघा. आणि तुमच्या दारात कोणी शेवंती मागायला आलं, तर वरची काडी छाटून त्याच्या हातावर ठेवू नका. खाली वाका, माती बाजूला करा आणि बुंध्याजवळचा फुटवा द्या. तो माणूस नुसत्या शेवंतीसाठी आलेला असेलच असं नाही.