पंधरा तारखेपर्यंत राखून ठेवलेली जागा

बोलतोय मी, कॉलेजातल्या प्रवेशाचा कागद. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. गोड गोड कहाणी हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बोलतं करा.

माझा जन्म कॉलेजच्या ऑफिसातल्या एका कुरकुरणाऱ्या प्रिंटरमधून झाला. कारकूनबाईंनी शिक्का मारला, खाली सही झाली. माझ्या अंगावर ठसठशीत छापलं होतं: संगणकशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली आहे; जागा पंधरा तारखेपर्यंत राखून ठेवली जाईल. सव्वीस दिवसांचं आयुष्य, पण रुबाब काय विचारू नका!

ज्या घरी पोचलो तिथे माणसं दोनच. एक बत्तीस वर्षांची मुलगी, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर दहा वर्षं बसलेली. दुसरे तिचे वडील, अण्णा. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. एवढ्या मोठ्या मुलीला ते अजून छकुली म्हणतात. त्यांनी मला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला दाखवत सुटले. कुरिअरवाल्यालासुद्धा सोडलं नाही. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

घरात काळजीही होती. लॅबचे रिपोर्ट आता परस्पर मोबाइलवर जाणार होते आणि सहा महिन्यांत काउंटर बंद होणार होता. कॉम्प्युटरचं काम शिकलीस तर आतल्या खोलीत घेऊ, नाहीतर तुझं तू बघ, असं मालकांनी छकुलीला सांगितलं होतं. माझ्याकडे यायचं तर वर्ग दिवसा, म्हणजे असलेली नोकरीही सोडायची. आणि दुसऱ्या बाजूला होता तो.

तो म्हणजे लॅपटॉपमधला चष्मेवाला मास्तर, ऑनलाइन कोर्सवाला. त्याला ना शिक्का, ना मुदत. पहाटे पाचला हजर, जेवणाच्या सुट्टीतही हजर. एकच विनोद तो चार वेळा त्याच शब्दांत सांगायचा आणि छकुली चारही वेळा हसायची. मला पाहिलं की मात्र तिची नजर थेट कॅलेंडरवर जायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. ती त्याला मध्येच थांबवायची तेव्हा तो तोंड उघडं टाकून बसायचा, तेवढंच काय ते माझं सुख.

अण्णा माझ्या बाजूचे. व्हिडिओ बघून कुणी मोठं झालंय का, असं ते रोज चहाच्या वेळी विचारायचे. छकुली ऐकून घ्यायची आणि कानाला हेडफोन लावायची.

एक दिवस चष्मेवाल्याने गृहपाठ दिला: ओळखीच्या एखाद्या कामाची आखणी कागदावर करा. छकुलीने हाताला लागला तो कागद ओढला. तो मी होतो! तिने मला पाकिटातून काढून पालथं घातलं आणि पेन्सिलीने चौकोन काढायला लागली. रक्ताची नळी आली, नंबर पडला, तपासणी झाली, सही झाली, रिपोर्ट गेला. माझ्या पाठीवर त्याचा गृहपाठ! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

चौदा तारखेला ती मला घेऊन कॉलेजात गेली. संध्याकाळचे वर्ग असतील का, एवढंच विचारायचं होतं. विभागप्रमुख बाईंनी मला हातात घेतलं आणि पाठीकडूनच वाचायला सुरुवात केली. निदान इथे तरी माझं तोंड आधी वाचायचं!

"एकाच नावाचे दोन पेशंट आले तर?" त्यांनी विचारलं.

"रोज येतात, मॅडम. म्हणून नावावर जायचंच नाही, नळीच्या नंबरावर जायचं."

बाईंनी मान डोलावली. "आणि एका दिवसात दहा हजार आले, तर यातलं आधी काय तुंबेल?"

छकुली चौकोनांवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मला उकळ्या फुटल्या. बाई म्हणाल्या की हेच इथे शिकवतात, त्याला दोन वर्षं लागतात आणि संध्याकाळचे वर्ग नाहीत. छकुलीने तो प्रश्न माझ्या पाठीवरच एका कोपऱ्यात लिहून घेतला.

पंधरा तारखेला सकाळी ती लॅबचा डबा भरून उभी राहिली.

"अण्णा, मी कॉलेजला जात नाहीये. दोन वर्षं थांबायला माझ्याकडे वेळ नाही. सहा महिन्यांत ती आतली खोली मिळवायची आहे."

अण्णांनी मला पाकिटातून काढलं. आता हे भांडतील माझ्यासाठी, असं मला वाटलं. त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पालथं केलं आणि म्हणाले, "हे काय आहे ते मला नीट समजावून सांग."

तिने डबा खाली ठेवला आणि एकेक चौकोन सांगितला. अण्णा डोळ्याला भिंग लावून बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "घड्याळात एक चाक अडलं की बाकीची आपोआप थांबतात. यात तुझं सगळ्यात सावकाश चाक कुठलं?"

छकुलीने कोपऱ्यातला प्रश्न पाहिला, मग चौकोन पाहिले.

"सही," ती म्हणाली. "मशीन शंभर रिपोर्ट काढतं, पण सही करणारे डॉक्टर एकटेच. तिथेच तुंबणार, अण्णा."

हे तिला मी शिकवलं नव्हतं आणि त्या चष्मेवाल्यानेही नाही. दोघेही तोंडावर पडलो.

त्या दिवशी तिला लॅबमध्ये जायला उशीर झाला. ती गेल्यावर अण्णांनी स्वतः मला तिच्या टेबलासमोर चिकटपट्टीने लावलं, चौकोन बाहेर आणि माझं तोंड भिंतीकडे. मुदत केव्हाच संपली. माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली असेल. रोज पहाटे ती समोर बसते आणि माझ्या पाठीवर नवे बाण काढते. चष्मेवाल्याचं आता मला फारसं काही वाटत नाही. हेवा वाटतो तो माझ्याच पाठीचा.

कधी त्या घरी गेलात तर त्या चौकोनांचं कौतुक जरूर करा. पण चिकटपट्टीचं एक टोक जरा उचला. तिथे छकुलीचं पूर्ण नाव आहे आणि पुढे लिहिलंय, निवड झाली आहे. ती कॉलेजात गेली नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला बोलावलं होतं, हेही कुणीतरी तिला अधूनमधून सांगायला हवं.