खराखुरा डाव

“अगं, तू त्यांना हरवलंस? अख्ख्या वॉर्डासमोर?”

ताईंनी मला औषधांच्या कपाटाआड ओढलं होतं. ताई म्हणजे आम्हा स्वयंसेवकांच्या प्रमुख. आमच्या केंद्रात बरं व्हायला कुणी येत नाही. उरलेले दिवस कमी दुखण्यात जावेत म्हणून येतात. शनिवारी शाळा सुटली की मी येते, उशा सारख्या करते, पाणी पाजते, पेपर वाचून दाखवते. आणि बुद्धिबळ खेळते. शाळेच्या संघात पहिल्या पटावर आहे मी, उगाच नाही.

“त्यांनीच सांगितलं होतं, खरं खेळ म्हणून.”

“ते सांगतील गं, आपल्याला कळायला नको? त्यांचा मुलगा भडकलाय. म्हणतो, एवढा एक आनंद उरलाय बाबांना, तोही हिसकावता? जा, माफी माग.”

माझं डोकंच फिरलं. आनंद म्हणे! लिफ्टकाकांना विचारलं होतं का कुणी?

लिफ्टकाका म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. “जन्मभर लोकांना वर पोचवलं, आता माझा नंबर,” असं म्हणून स्वतःच हसायचे आणि मग खोकत बसायचे. जेवणाच्या सुट्टीत वॉचमन लोकांशी खेळून खेळून तयार झालेला गडी. आणि इथे काय? मुलगा मुद्दाम हरायचा. डॉक्टर मुद्दाम हरायचे, वर “वा, काय डोकं चालतंय!” म्हणायचे. वॉर्डबॉय तेवढा प्रामाणिकपणे हरायचा, कारण घोडा कसा चालतो हेच त्याला माहीत नव्हतं.

मी कॉटपाशी गेले. “काका, सॉरी.”

“कशाबद्दल?”

“हरवल्याबद्दल. म्हणायला लावलंय.”

“म्हणून झालं ना? मांड मग पट.”

मी सोंगट्या लावायला लागले. त्यांचा आवाज अगदी बसला होता. “पोरी, माणूस गेल्यावर त्याच्याविषयी सगळे गोडच बोलतात. माझ्याशी आत्ताच तसं बोलायला लागलेत. अरे, अजून आहे ना मी! मला एक डाव खरा जिंकायचाय. एकच. कीव केलीस तर हा पट डोक्यात घालीन.”

“घालून दाखवा,” मी म्हटलं.

त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते चाल सांगायचे आणि सोंगटी मी हलवायची. मध्येच डोळे मिटायचे. मी थांबायची.

“तो घोडा पुढे घे,” ते म्हणाले.

मी घोडा उचलला आणि थबकले. तो हलला की मागचा वजीर उघडा पडत होता, थेट माझ्या उंटाच्या तोंडी. नुकतंच औषध दिलं होतं त्यांना. गुंगी असणार.

“काका, नक्की? बदला हवं तर.”

त्यांनी डोळे उघडले ते असे, की मी मागेच सरकले. “आली कीव! तुलाही आली!”

सिस्टर धावत आल्या. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. कान तापले होते माझे. घोडा ठेवला आणि रागारागाने त्यांचा वजीर उचलला.

“आता माझा उंट. शह,” ते म्हणाले.

माझ्या राजाला एकच घर होतं. पुढे सरकवला.

“दुसरा घोडा.”

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. एवढी माझी फौज आजूबाजूला उभी, आणि राजाला पाय ठेवायला जागा नाही.

“मात,” ते म्हणाले. अगदी हळू, लिफ्ट बरोबर मजल्याशी येऊन थांबते ना, तसं.

पुढच्या शनिवारी त्या कॉटवर धुतलेली चादर होती, सुरकुती नसलेली. त्यांचा मुलगा चष्मा, टॉवेल, बुद्धिबळाचा डबा असं काय काय पिशवीत भरत होता. मला पाहून उठला.

“तूच ना ती? बाबा येईल त्याला सांगत होते, पोरीला हरवलं म्हणून.” त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मोठं मन दाखवलंस हं. जिंकू दिलंस त्यांना.”

मोठं मन! त्यांचा एवढासा एक डाव, तोही माझं दान ठरवत होता हा माणूस!

“मी नाही जिंकू दिलं!” सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. “खरंच हरले मी! चांगली सणसणीत हरले!”

“बरं बरं, असू दे.”

“असू दे काय? बसा तुम्ही, दादा. माझ्या बाजूने बसा.”

तो गोंधळून स्टुलावर बसला. मी डबा उघडला, टेबलावर पट मांडला आणि एकेक चाल खेळून दाखवली. घोडा. उघडा वजीर. उंट. दुसरा घोडा.

“हं. वाचवा आता राजाला.”

त्याने राजा डावीकडे नेला. मी घोड्यावर बोट ठेवलं. उजवीकडे नेला. उंटावर ठेवलं. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन दारात आला आणि आम्हाला पाहून तिथेच थांबला.

“इथून?”

“नाही.”

ओठांवर मूठ ठेवून त्याने राजाभोवतालचं एकेक घर पुन्हा तपासलं. मग त्याने एका बोटाने राजा अलगद आडवा केला.

या वेळी मुद्दाम नाही.