झरोक्यातलं मागणं

ओदिनामोने डोक्यावरची शाल काढली, तिच्या टोकाला दोरी बांधली आणि नेककदमच्या घराच्या छतावर गुडघे टेकून ती छतातल्याच झरोक्यातून आत सोडली. खालून धूर वर येत होता, वरून उन्हाची तिरीप आत जात होती, आणि दोन्हींच्या मधून शाल सावकाश गिरक्या घेत उतरत होती. नदीपलीकडचे डोंगर अजून पांढरेच होते.

नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, झरोक्यातून असं मागायची ताजिकिस्तानातल्या पामीरमध्ये रीत आहे. मागणाऱ्याला रित्या हाताने धाडलं तर घराची बरकत जाते. पण हे काम पोरासोरांचं, फार तर एखाद्या लग्नाळू तरुणाचं. पन्नाशीच्या बाईने छतावर चढावं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूकच. ओदिनामोला लाज वाटत होती, पण दुसरी वाट उरली नव्हती.

दुपारी ती आपल्या घरी गावातल्या मुलांना शुग्नी, म्हणजे घरचीच बोली, लिहायला-वाचायला शिकवी. शाळा सगळी ताजिक भाषेत. तिथे नेककदमची मुलगी सावसान सप्टेंबरपासून तोंड शिवून बसली होती. ओदिनामोकडे मात्र ती कुणाला बोलू देत नसे. हिवाळ्यात नेककदम मॉस्कोतल्या मजुरीवरून घरी आला आणि त्याने पोरीचं येणं बंद केलं. लहानपणी त्याच बोलीपायी त्याने शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. त्यानंतर सावसान घरीही गप्प राहू लागली.

"कोण आहे वर?" खालून नेककदमचा आवाज आला.

नाव सांगायचं नसतं.

"मागणारी."

"काय हवं?"

"तुमची मुलगी. रोज एक तास."

खाली भांड्यांची खुडबुड झाली. मग दोरीला हिसका बसला. शाल चांगलीच जड होती. रंगवलेली अंडी, सुकी जर्दाळू, मेंढीची अख्खी तंगडी. नेककदम हुशार होता. रिकाम्या हाताने धाडल्याचा बोल त्याला कुणी लावू शकलं नसतं. ओदिनामोने गाठोडं तसंच खाली सोडलं.

"हे नको."

"बाई, खाली या. चहा घ्या. या वयात पाय मोडून घ्याल."

"मोडला तर तुमच्याच चुलीपाशी येऊन पडेन. मग सांगत बसा गावाला."

नेककदमची बायको झैबुनिसो खुदकन हसली. मग तिचा आवाज बदलला.

"द्या ना हो. घरात बोलकी पोर होती माझी. आता भिंतीशी बोलावं लागतं मला."

या वेळी शाल हलकी आली. आत सावसानचे बूट होते, म्हणजे पोर येणार होती.

झरोक्यातून एकदा पत्करलेलं घरी न्यायचंच असतं. ओदिनामोने ते छातीशी धरून नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाच्या चिखलातून नेककदम पोरीला पाठुंगळी घेऊन दारात उभा राहिला.

"एकच जोड आहे तिचा," तो वैतागून म्हणाला.

"मग दिलात कशाला?"

त्याने पोरीला उंबऱ्याच्या आत उतरवलं. सावसानने बूट घातले, आपली जागा पकडली आणि कालची हकिकत सांगायला सुरुवात केली. तंगडी कशी वर गेली, कशी परत आली, बाबांचं तोंड कसं झालं. मुलं हसून लोळली. ओदिनामोने त्यातलीच वाक्यं फळ्यावर लिहिली. पोरीला आता चालत घरी जाता आलं असतं, तरी नेककदम खांबाला टेकून बसून राहिला. फळ्याकडे बघताना त्याचे ओठ हलत होते.

मुलं पांगू लागली तसा तो पुढे आला.

"बाई, हे फोनवर लिहिता येतं?"

"येतं की."

"आठवड्याने परत जातोय. तिकडे फोनवर बोलायला लागलं की खोलीतले दहाजण कान लावून बसतात. म्हणून हिच्या आईला लिहून धाडतो, ताजिकमध्ये. साहेबाला अर्ज केल्यासारखं वाटतं."

ओदिनामोने खडू त्याच्यापुढे धरला.

"सांगा, काय लिहायचंय?"

सावसान दोघांच्या मधे येऊन, मान वर करून उभी होती. नेककदमचे कान लाल झाले.

"पोरीला आधी बाहेर जाऊ द्या," तो म्हणाला.