खंडेनवमीची जेट स्की

ही गोष्ट २०२२ सालच्या दसऱ्याची. माझे धाकटे दीर शांताराम मंडीदीपच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा मुलगा निनाद भोपाळबाहेरच्या एका जलाशयावर रोजंदारीने बोटी चालवायचा. भोपाळातच कोटरा सुल्तानाबादला आमची घरं समोरासमोर. भाऊजींची बायको लवकर गेली, त्यामुळे निनाद आणि त्याची बहीण जुई माझ्याच हाताखाली वाढली.

बोटींचा मालक अमित. त्याने कुठूनशी एक जुनी जेट स्की आणली, पाण्यावर पळणारी, उभ्याने चालवायची. तिचं इंजिन जाम झालेलं. तो निनादला म्हणाला, ही दुरुस्त करून दसऱ्याला लोकांसमोर कसरती करून दाखव, नोकरी पक्की. नाही जमलं तर दिवाळीनंतर बघू. ते ‘बघू’ निनादने आधी दोन ठिकाणी ऐकलं होतं आणि दोन्हीकडून घरी बसला होता.

टेम्पोतून उतरवली तेव्हा मी पाहिलं, तिला सीटच नव्हती.

“बसायचं कुठे रे?”

“उभ्यानेच जायचं काकू. आपल्या सिटी बससारखं. फक्त कंडक्टर नाही.”

भाऊजी महिनाभर आमच्या अंगणात तिच्याशी झटत होते. पाणी शिरून गंजलेले बेअरिंग काढले, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. अमितला वेग हवा होता, म्हणून इंजिनाचं हेड घासून घेतलं. इंजिनाला हवा जास्त मिळावी म्हणून कार्बोरेटरवरचा हवा गाळायचा जुना डबा काढून टाकला. तिथे मोठे उघडे फिल्टर बसायचे होते. ते येईपर्यंत कार्बोरेटरच्या तोंडात त्यांनी एक चिंधी कोंबून ठेवली होती.

फिल्टर आले ते नेमके खंडेनवमीच्या सकाळी. आणि नवमीला आमच्याकडे पान्याला हात लावत नाहीत. यंत्रं, हत्यारं धुऊन मांडायची, पुजायची आणि दिवसभर निजू द्यायची. मी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा याच अंगणात यजमानांचा टाइपरायटर, सायकल, सासूबाईंची विळी आणि माझं शिवणयंत्र ओळीने मांडलेलं असे. सासरचं नागपूरचं मूळ घर सुटलं तरी नवमी सुटली नव्हती. आता त्या ओळीत जेट स्की होती, झेंडूची माळ घातलेली.

पूजेला बसताना भाऊजींनी ती चिंधी उपसून काढली. देवापुढे तेलकट चिंधी कशाला, म्हणाले. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर इंजिनावर टाकल्या. कारखान्यात सगळी नोकरी त्यांनी अशीच पूजा केली होती. तिथली यंत्रं वरून बंद असायची.

“बाबा, हे तोंड खुलं आहे. ढक्कन तरी लावा,” जुई म्हणाली.

“उद्या फिल्टरच बसवतो. आज तिला विश्रांती आहे.”

दसऱ्याला उजाडताच त्यांनी फिल्टर बसवले. आत डोकावून पाहिलं नाही. थंडाव्यासाठी पाण्याचा पाइप लावून इंजिन थोडा वेळ मंद चालवलं. आवाज स्वच्छ होता.

जलाशयावर गर्दी होती. निनादने दोन गिरक्या घेतल्या, एक पाय वर उचलून दाखवला. मग तो आमच्या बाजूच्या बांधाकडे आला आणि वेग कमी होईना. लोकांना ती कसरत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निनादने मनगटाला बांधलेली दोरी ओढली. त्या दोरीने इंजिन बंद पडतं, तसं ते पडलं. पण जेट स्की वळते ती मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतावर. झोत थांबल्यावर तो हँडल फिरवत राहिला आणि ती सरळ बांधाच्या दगडांवर गेली.

साकेत नगरच्या इस्पितळात सांगितलं की मणका गेला, कमरेखालचं आता चालणार नाही. अमित सांगत सुटला की पोरगा जोशात होता. निनादही तेच धरून बसला. दोरी ओढायला नको होती, वळवता आलं असतं, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

भाऊजींनी जेट स्की घरी आणून कार्बोरेटर उघडलं. आतली झडप आणि भिंत यांच्या फटीत लाल दाणे रुतले होते. हँडलवरचा वेगाचा खटका सोडला तरी झडप मिटत नव्हती. ते दाणे तळहातावर घेऊन भाऊजी माझ्याकडे आले. मी म्हटलं, आता सांगून त्याचे पाय येणार आहेत का? जुईचं म्हणणं उलट होतं. दादा स्वतःला खातोय, त्याला कळू दे.

शेवटी जुईचं ऐकून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो.

“तुझी चूक नव्हती रे,” भाऊजी म्हणाले. “अक्षता माझ्या हातून आत गेल्या.”

निनाद छताकडे पाहतच बोलला.

“माझी चूक होती तोवर तुम्ही यायचात ते बरं वाटायचं, बाबा. आता येऊ नका.”

भाऊजी तरी रोज जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. डबा जुई आत न्यायची.

अमितचा धंदा अजून चालतो. भाऊजींनी त्याला खरं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मग ही तुमच्या घरचीच चूक. जेट स्की त्याने भंगारात घातली. जुई त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला लागली, पुढे लग्न होऊन इंदूरला गेली. निनाद सुटून आला तो माझ्या घरी. समोर बापाचं दार, पण त्याने चाकाची खुर्ची कधी तिकडे वळवली नाही. भाऊजी २०२४ च्या उन्हाळ्यात गेले. निनादने खुर्चीत बसूनच अग्नी दिला.

आता तो माझ्या ओसरीवर मिक्सर, पंप दुरुस्त करतो. मी अठ्ठ्याहत्तर पूर्ण केली. दोन्ही वेळचं अजून मीच रांधते, त्याला खुर्चीतून खाटेवर घ्यायला शेजारचा माणूस येतो. माझ्यामागे त्याचं कोण करणार, हे तोही विचारत नाही आणि मीही तो विषय काढत नाही.