देव्हाऱ्यातला मीटर

आमच्या मीटरची स्प्रिंग तुटली आणि माझ्या कपाळी भुसावळ आलं. लोणावळ्याच्या दमट हवेनं भिंतींची वाट लावली होती, तशी त्या केसाएवढ्या स्प्रिंगचीही लावली. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, विजेचा दाब मोजणारा तो विलायती मीटर म्हणजे आमच्या रेल्वेच्या टेस्टिंग रूमचा प्राण. दुरुस्त केलेलं प्रत्येक यंत्र त्यावरच तपासायचं. साहेबांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत मीटर चालू झाला नाही तर खोली बंद, आणि गोरखची, म्हणजे माझी, बदली भुसावळला. इकडे गावी उर्शाला आई अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून मी कुठे जाणार होतो?

ती स्प्रिंग मुद्दाम त्या मीटरसाठीच घडवलेली, आणि घडवणारी कंपनी कधीच बुडालेली. घड्याळाची बसवून पाहा, असा सल्ला मात्र जो तो देत होता. घड्याळाची पोलादी, आणि मीटरच्या आत लोहचुंबक; ते तिला ओढून धरणार. काटा हलायचा कसा? सांगून सांगून तोंड दुखलं. पुण्याचा जुना बाजार पालथा घातला आणि हात हलवत परत आलो.

तसा दुसरा मीटर मला ठाऊक होता, आणि तीच खरी पंचाईत होती. माझे उस्ताद हौशीराम भाऊ यांनी निवृत्त होताना भंगारात निघालेला जोडीचा मीटर टाकव्याला घरी नेला होता. ते वारले तेव्हा गेलो, तर मीटर देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसलेला. हळदीकुंकवाचे थर, वर झेंडू. आता त्याला स्क्रू-ड्रायव्हर कोणत्या तोंडानं लावायचा?

शेवटी आईकडे पाहिलं आणि निघालो. कान्ह्याला लोकलमधून उतरून चालत टाकवं गाठलं. भाऊंच्या पत्नी मुक्ताबाई मावशी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी भाताचं बोललो, म्हशीचं बोललो, दोनदा चहा घेतला. मावशींनीच विचारलं, काम काय काढलंस. मान खाली घालून सगळं सांगितलं.

त्या उठल्या, मीटर देव्हाऱ्यातून काढला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

"मावशी, पूजेतला आहे तो."

"कसली पूजा? घरात नातवंडांचा हा गोंधळ. ह्यांनी जाताना सांगितलं, आतलं काय हलू द्यू नको, लोणावळ्याला कवातरी लागंल. मग कुटं ठेवू? देवात ठेवला, कुंकू लावलं. देवाला पोरं हात लावत न्हाईत."

मी तिथंच झाकण उघडलं. स्प्रिंग जशीच्या तशी होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

लोणावळ्यात ती स्प्रिंग आमच्या मीटरात बसवून कथलाचा डाग दिला, काटा हलला, साहेबांनी बदलीचा कागद फाडला. आईला सांगून तसाच टाकव्याला गेलो आणि मावशींच्या पाया पडलो. म्हटलं, सुटलो मावशी.

"तू कसला सुटलास?" मावशी म्हणाल्या. "सुटले मी. ह्यांचं एवढंच सांगणं ऱ्हायलं हुतं."