फीचे पैसे

"हेर गजभिये, पाच मिनिटं बाहेर बसता का? मला तुमच्या मुलीशी एकटीशी बोलायचंय."

जर्मन बँकेतला पोरगेला सल्लागार 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून अगदी अदबीने म्हणाला, तरी नामदेवचे कान तापले. चौदा वर्षं दर महिन्याला ज्याने या खात्यात पैसे भरले तो बाहेर, आणि परवाच अठरा पूर्ण झालेली उत्कर्षा आत! खातं तिच्या नावाचं. मुलगी सज्ञान झाली की बापाचा त्याच्याशी संबंध संपला. नामदेवला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि खुर्चीवरून उठणं वेगळं.

"राहू देत की पप्पा इथेच," उत्कर्षा जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र कायम जर्मनमधून यायचं. अर्धा उठलेला नामदेव पुन्हा टेकला.

किंडरगेल्ड म्हणजे मुलाच्या पालनपोषणासाठी सरकार दरमहा आईबापाला देतं ते पैसे. लोक त्यातून मुलांचे बूट घेतात, पोहण्याचा क्लास लावतात, नाहीतर सरळ किराणा भरतात. नामदेवने त्यातल्या एका सेंटला हात लावला नाही. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करणारा हा साधा इंजिनिअर. घरभाडं, अमरावतीला आईचं औषधपाणी, धाकट्या भावाचं शिक्षण, सगळं पगारातून. किंडरगेल्ड आलं की दुसऱ्या दिवशी पोरीच्या खात्यात. "हे तिच्या फीचे पैसे आहेत," तो म्हणायचा, आणि त्याच्यापुरता विषय मिटायचा.

फीची धास्ती त्याच्या हाडात मुरलेली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्कॉलरशिप वेळेवर आली नाही, तेव्हा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर फी न भरलेल्यांची यादी लागली. गजभिये नामदेव, वरून चौथं नाव. पोरं यादीपुढे उभी राहून दात काढत होती. आपल्या लेकराचं नाव असल्या यादीत येऊ द्यायचं नाही, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. ठरवलं ते चांगलंच होतं. चुकलं ते पुढे.

"बरं तर," सल्लागाराने विचारलं, "एवढ्या पैशांचं काही ठरवलंय का?"

"युनिव्हर्सिटीची फी," उत्कर्षाच्या आधी नामदेवच बोलला.

"फी?" सल्लागार गोंधळला. "ती तर आपल्याकडे बंद होऊन चार वर्षं झाली, हेर गजभिये."

नामदेवला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? फी रद्द झाली तेव्हा ऑफिसात कॉफी पिताना सगळे तेच बोलत होते. त्यानेही "हो, हो" करत मान डोलावली होती, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे भरले होते. सरकारचं काय सांगावं? आज काढली, उद्या लावली तर?

"मी यंदा युनिव्हर्सिटीत जाणारच नाहीये," उत्कर्षा म्हणाली. "शाळेची शेवटची परीक्षा झाली की वर्षभर उत्तर समुद्रावर जायचंय, स्वयंसेवक म्हणून. ओहोटीला पाणी मागे हटलं की शाळेची मुलं चिखलातून चालायला येतात. त्यांना फिरवून आणायचं. राहायला खोली मिळते, हातखर्चापुरते पैसेही." मग ती बापाकडे न बघता म्हणाली, "सहावीत मला जायला मिळालं नव्हतं."

नामदेवला आठवलं. आठवलं काय, विसरला कुठे होता! वर्गाची पाच दिवसांची सहल, दोनशे साठ युरो. "चिखल तुडवायला दोनशे साठ युरो? आपल्याकडे तो फुकट मिळतो," असा विनोद त्याने केला होता आणि एकटाच हसला होता. "अहो, तिचेच तर पैसे आहेत, जाऊ द्या ना," बायको, शैला, दोनदा म्हणाली. वर्गशिक्षिका फ्राऊ केलर यांनी फोन करून शाळेच्या मदतनिधीतून पैसे भरायची तयारी दाखवली, तर हा भडकला. आम्ही काय दारोदार हात पसरतोय? स्वतःचे द्यायचे नाहीत आणि दुसऱ्याचे घ्यायचे नाहीत! त्या मानीपणापायी पोरगी पाच दिवस शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. दात होते तेव्हा चणे डब्यात बंद.

"वर्गाच्या दारावर यादी लावली होती," उत्कर्षा आवाज न चढवता सांगत होती. "कोणत्या खोलीत कोण कोण झोपणार त्याची. मी रोज वाचायचे. वाटायचं, पप्पांनी गुपचूप भरले असतील."

सल्लागाराने उगाच कॉम्प्युटरकडे नजर वळवली. एका यादीतून पोरीला वाचवायला नामदेवने इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला, आणि दुसऱ्या यादीतून तिचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. त्याला लाज वाटली. नोटीस बोर्डापुढे वाटली होती त्याहून जास्त वाटली, कारण तेव्हा निदान चूक त्याची नव्हती.

सह्या झाल्या. सल्लागाराने दोघांशी हात मिळवला, आधी उत्कर्षाशी. बाहेर मार्चमधलं कोवळं ऊन पडलं होतं आणि वारा बोचत होता.

"बाळा, आपण जाऊ या ना," नामदेव घाईघाईने बोलू लागला. "येत्या सुट्टीत. मम्मी, तू, मी. चांगल्या हॉटेलात राहू. आठ दिवस राहू, हवं तर. चिखलात मीही चालेन."

उत्कर्षाला हसू आलं. तिने त्याचा दंड धरला आणि शब्द शोधत शोधत, कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "पप्पा, तेव्हा सगळा वर्ग होता ना."

ती पुढे होऊन स्टॉपवरचं बसचं वेळापत्रक बघायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. शैला होती.

"झालं का हो काम? एवढे पैसे बघून काय म्हणाली? खूश झाली ना?"

नामदेवने स्टॉपकडे पाहिलं. उत्कर्षा पाठमोरी उभी होती, आईइतकी उंच.

"पैसे सगळे नीट आहेत," तो म्हणाला.